नव्वदीतले इलेक्ट्रॉनिक डान्स अल्बम : सलग ऐकवणारे कोणते?

मध्यलय :

नव्वदीतल्या टेक्नो-हाउसच्या, म्हणजे यंत्रांवर बनवलेल्या क्लबातल्या नाचाच्या संगीताच्या, याद्या जालावर पैशाला पासरी आहेत. पण त्यातले निम्मे अल्बम म्हणजे दोन गाजलेले ट्रॅक आणि बाकी भरताड. त्याला कारणही आहे. हे संगीत मुळात अल्बमसाठी बनतच नव्हतं. बारा इंची तबकडीवर एक ट्रॅक काढायचा, तो डीजेच्या पिशवीत जायचा, आणि त्याच्या आधी काय वाजणार, नंतर काय, हे डीजे ठरवणार. अशा मंडळींकडे अल्बम मागितला की ते सहा-सात जुन्या सिंगल एकत्र बांधून मोकळे व्हायचे.

मात्र ९१-९२ नंतर काही जणांनी हा प्रश्न मनावर घेतला. सीडीवर सत्तरेक मिनिटं सलग मिळत होती, बाजू पलटायची भानगड नाही. मग क्लबातली अख्खी रात्र त्या सत्तर मिनिटांत बसेल का? मला या दशकातली सगळ्यात रंजक गोष्ट हीच वाटते. म्हणून या धाग्यापुरती अट एकच : अल्बम पहिल्या ट्रॅकपासून शेवटपर्यंत, उड्या न मारता, घरी बसून ऐकवला पाहिजे. काळ १९९० ते १९९९. नुसती नावं फेकू नका, का तेही लिहा.

माझे तीन.

ऑर्बिटलचा दुसरा अल्बम (१९९३). नाव नुसतंच 'ऑर्बिटल', आधीच्याचंही तेच, म्हणून वेष्टनाच्या रंगावरून याला सगळे ब्राउन अल्बम म्हणतात. फिल आणि पॉल हार्टनॉल हे दोघे भाऊ. बँडचं नाव लंडनभोवतीच्या एम-२५ या रिंगरोडवरून, कारण रेव्ह पार्ट्यांना (रात्रभर नाचायच्या जंगी जमावांना) जायचा रस्ता तोच. 'लश ३-१' पासून 'रिमाइंड' पर्यंत जवळजवळ अर्धा तास कुठेही सांधा दिसत नाही. एक सूर मागे राहतो, त्यावर दुसरा चढतो, पहिला कधी गेला ते कळत नाही. शेवटाकडे 'हॅल्सियन + ऑन + ऑन'. त्यातला आवाज कर्स्टी हॉकशॉचा, पण उलटा फिरवलेला. हॅल्सियन हे झोपेच्या गोळीचं नाव. या भावांच्या आईला त्या गोळ्यांचं व्यसन लागलं होतं. एवढं माहीत असूनही तो ट्रॅक इतका हलका, तरंगता कसा वाटतो याचं मला अजून नवल आहे.

अंडरवर्ल्ड, 'डबनोबेसविथमायहेडमन' (१९९४). कार्ल हाइड आणि रिक स्मिथ ऐंशीच्या दशकात पॉप बँड चालवून आपटलेले. डॅरन एमर्सन हा त्यांच्याहून बराच लहान डीजे येऊन मिळाला आणि गाडी रुळावर आली. हाइड रस्त्यात, ट्रेनमध्ये, बारमध्ये कानावर पडलेली वाक्यं वहीत टिपून ठेवायचा आणि तीच गायचा. त्यामुळे 'डर्टी एपिक' ऐकताना गाणं कमी आणि शहरातून रात्री चालल्याचा भास जास्त.

लेफ्टफील्ड, 'लेफ्टिझम' (१९९५). नील बार्न्स आणि पॉल डेली. रेगे-डबचा खर्ज हाउसच्या ठोक्याखाली घातला. जिथे गाणं आहे तिथे दर वेळी गायक वेगळा. 'ओपन अप' मध्ये तर सेक्स पिस्टल्सचा जॉन लायडन किंचाळतो. तरी अल्बम एकाच जागी घडतोय असं वाटतं, कारण तळातला तो खर्ज सुटत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकणार असाल तर ऐकूच नका.

येऊ द्या.

बाराखडी :

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). ब्राउन अल्बम सुरू होतो तेव्हा 'टाइम बिकम्स अ लूप' एवढंच वाक्य दोन बाजूंनी वाजत राहतं आणि हळूहळू एकमेकांपासून सरकत जातं. 'स्टार ट्रेक' मालिकेतल्या वॉर्फ या पात्राचा आवाज. गंमत अशी की त्यांचा पहिला अल्बमही याच वाक्याने सुरू होतो, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावं चुकून जुनीच सीडी लावली. पुढच्या ट्रॅकची सुरुवात तबकडीच्या खरखरीने. आमच्या हॉस्टेलवर एका मुलाने सीडी खराब म्हणून तीन वेळा फडक्याने पुसली होती.

कावळा :

प्रॉडिजी नाही? मग धागा कशाला काढला?

'द फॅट ऑफ द लँड' (१९९७) सगळ्यांना माहीत आहे, एमटीव्हीवर त्यांच्या कीथ फ्लिंटची केसांची शिंगं पाहून घराघरांत चॅनेल बदललं गेलं. पण अल्बम म्हणून त्याच्या आधीचा, 'म्युझिक फॉर द जिल्टेड जनरेशन' (१९९४). त्यामागची भानगड समजून घ्या. मे १९९२ मध्ये इंग्लंडात कॅसलमॉर्टन नावाच्या माळावर हजारो लोक जमले आणि काही दिवस फुकट पार्टी चालली. वर्तमानपत्रांनी आभाळ डोक्यावर घेतलं. १९९४ मध्ये कायदा झाला, क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर अ‍ॅक्ट. शंभर किंवा जास्त लोक उघड्यावर रात्री मोठ्याने संगीत लावून जमले तर पोलीस हुसकावू शकत. आणि संगीत म्हणजे काय, तर त्यात 'एकामागून एक येणारे पुनरावृत्त ठोके' हेही आलं पाहिजे असं कायद्यातच लिहिलं! सरकारने ठोक्यांची व्याख्या केली.

'जिल्टेड' चं आतलं चित्र बघा : दरीवर दोराचा पूल, एका काठावर पोलीस आणि काळवंडलेलं शहर, दुसऱ्या काठावर पार्टी, पार्टीकडचा माणूस पोलिसांना मधलं बोट दाखवत पुलाचा दोर कापतोय. 'देअर लॉ' त्याच रागातून आलंय. घरी बसून ऐकवतो का? घरी बसवत नाही, हीच त्याची खूण.

मध्यलय :

कावळेबुवा, मुद्दा मान्य, पण 'जिल्टेड' मध्ये मधली वीसेक मिनिटं कापली तर काही बिघडत नाही. शेवटचे तीन ट्रॅक मात्र 'नार्कॉटिक सूट' म्हणून मुद्दाम एकत्र बांधलेत आणि तिथे प्रॉडिजीचा संगीतकार लियाम हाउलेट अल्बमचा विचार करतोय हे दिसतं.

त्याच कायद्यावरून ऑटेकरचं 'अँटी' (१९९४) आठवलं. अल्बम नाही, तीन ट्रॅकचा ईपी, म्हणजे छोटी तबकडी. 'फ्लटर' या ट्रॅकमध्ये तालाचे कुठलेही दोन तुकडे सारखे नाहीत, म्हणजे 'पुनरावृत्त' च्या कलमात तो बसत नाही. तरी डीजेंनी तो वाजवताना सोबत वकील आणि संगीततज्ज्ञ ठेवावा अशी सूचना वेष्टनावर छापलेली.

दादरचे आजोबा :

मंडळी, लेखन चांगलं आहे. पण ऐकून पाहिलं आणि वीस मिनिटांत उठलो. धप धप धप धप. हे आमच्या गल्लीत विसर्जनाला फुकट मिळतं. यात ऐकायचं काय, जरा कुणी समजावेल का? कुत्सितपणे विचारत नाही.

तिरकीट :

आजोबा, तुम्ही तबल्याचं स्वतंत्र वादन ऐकलं असेलच. मागे पेटीवर किंवा सारंगीवर लेहरा चालू असतो. तीच ओळ तासभर. तो लेहरा कंटाळवाणा आहे अशी तक्रार कुणी करत नाही, कारण कान तिथे नसतोच; कान असतो पेशकार कसा उलगडतोय, तिहाई समेवर कशी येतेय तिकडे. हा चार ठोक्यांचा किक (मोठ्या ड्रमचा धप आवाज) लेहऱ्याच्या जागी धरा. तो मोजपट्टी आहे. हाय-हॅट (झांजांची जोडी) कधी उघडली, खर्ज अर्ध्या मात्रेने कुठे सरकला, फिल्टर किती सावकाश उघडतोय, तिकडे लक्ष द्या. विसर्जनातला डीजे हे काहीच करत नाही म्हणून तो नुसता धप धप.

माझा अल्बम : गोल्डी, 'टाइमलेस' (१९९५). ड्रम अँड बेस. शीर्षकाचा ट्रॅक एकवीस मिनिटांचा, तीन भागांत, डायन शार्लमेनचा आवाज. तबला शिकलेल्याला इथे लगेच घरी आल्यासारखं वाटतं. खर्ज ठाय लयीत, ड्रम दुगुनीत, आणि गायिका खर्जाबरोबर चालते. या प्रकारच्या संगीतातले ड्रम बहुतेक कुठून येतात? विन्स्टन्स नावाच्या बँडच्या १९६९ च्या 'आमेन, ब्रदर' मध्ये ग्रेगरी कोलमनने वाजवलेला सहा-सात सेकंदांचा तुकडा. सॅम्पलरमध्ये (आवाजाचा तुकडा भरून हवा तसा वाजवायच्या यंत्रात) घालून त्याचे बोल सुटे केले, उलटसुलट लावले, लय वाढवली. तबल्यातल्या एका कायद्यातून पलटे काढावेत तसंच काम आहे हे. जंगल आणि ड्रम अँड बेसचा अर्धा डोलारा त्या सहा सेकंदांवर उभा, आणि कोलमनला त्याचा छदामही मिळाला नाही.

पण प्रामाणिकपणे, 'टाइमलेस' अख्खा सलग ऐकवत नाही. दोन सीड्यांचा आहे आणि दुसरीत जॅझचा गुळमुळीतपणा बराच. मध्यलयच्या अटीत पहिली सीडीच बसते.

दादरचे आजोबा :

लेहऱ्याची गोष्ट पटली. आता पुन्हा ऐकतो. सून हेडफोन देईल म्हणाली आहे.

म्हापशेकार :

तुम्ही सगळे इंग्लंडात फिरताय, जरा गोव्यात, आमच्या बार्देशात या.

गोवा ट्रान्सचे अल्बम विचाराल तर हॅल्युसिनोजनचा 'ट्विस्टेड' (१९९५). सायमन पोसफर्ड हा इंग्लिश माणूस. त्याच्यासारखा आवाज पिळणारा दुसरा झाला नाही. एक सूर घेतो आणि त्याची वेणी घालत नेतो. जुनो रिअ‍ॅक्टरचा 'बायबल ऑफ ड्रीम्स' (१९९७) सुद्धा घ्या. इस्रायलच्या अ‍ॅस्ट्रल प्रोजेक्शनचं मला फारसं कौतुक नाही, सगळे ट्रॅक एकाच चढणीचे.

पण खरं सांगायचं तर अल्बमची भाषाच इथे लागू पडत नाही. हणजुण-वागातोरच्या पार्ट्यांत तबकड्या चालत नसत. उन्हात वाकायच्या, धूळ, आणि विमानातून आणायचं वजन वेगळं. म्हणून आधी कॅसेट आणि नंतर डॅट, म्हणजे छोटी डिजिटल टेप. दोन छोटी डॅट यंत्रं आणि एक मिक्सर, झालं. आता डॅटवर वेग कमीजास्त करायची सोय नाही, म्हणजे तबकडीवाले डीजे दोन ट्रॅकचे ठोके जुळवतात तसं इथे जमत नाही. मग काय करायचं? ट्रॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी ठोक्याविना लांबलचक आवाज ठेवायचे आणि तिथे सांधायचं. गोवा ट्रान्समध्ये सुरुवातीला दीड-दोन मिनिटं नुसते वारे, मंत्र, सिनेमातले संवाद का असतात याचं निम्मं उत्तर हे आहे. अध्यात्म नंतर चिकटवलं.

आणि एक, कुठल्याच पुस्तकात नीट येत नाही ते. या पार्ट्या गावच्या बायकांच्या चटयांवर उभ्या होत्या. माझी मावशी त्यांतली एक. संध्याकाळीच जाऊन जागा धरायची, चटया अंथरायच्या, रॉकेलचा दिवा, स्टोव्ह, चहा, उकडलेली अंडी, ऑम्लेट-पाव. पार्टी कुठे आहे हे फॉरेनरांच्या आधी या बायकांना कळायचं. नाचून दमलेले सगळे चटईवर. तिला संगीताचं विचारलं तर म्हणायची, पहाटेचं बरं असतं, रात्रीचं डोकं उठवतं. गोवा गिल हा तिथला नावाजलेला डीजे काय वेगळं सांगायचा? त्याची अख्खी मांडणीच ही : रात्री काळोखं, टोकाचं, आणि सूर्य वर आला की सुरेल. मावशीने ती एका वाक्यात सांगितली.

निळी छत्री :

म्हापशेकार, हा प्रतिसाद वेगळा लेख करून टाका, विनंती आहे.

'गोवा मिक्स' चं नाव कुणीच घेतलं नाही? पॉल ओकनफोल्ड, बीबीसी रेडिओ वनचा 'इसेन्शियल मिक्स' हा कार्यक्रम, डिसेंबर १९९४. दोन तास. मध्येच व्हँजेलिसचं 'ब्लेड रनर' मधलं संगीत येतं आणि ट्रान्समध्ये विरघळून जातं. अल्बम नाही, विकत मिळत नव्हता, लोकांनी रेडिओवरून कॅसेटवर उतरवून वाटला. पण सलग ऐकवण्याची कसोटी लावाल तर निम्मे अल्बम याच्यापुढे गार.

म्हापशेकार :

छान मिक्स आहे. गोव्याचा नाही. लंडनला बसून गोव्याची आठवण काढल्यासारखा आहे.

निळी छत्री :

मान्य, आणि म्हणूनच मला आवडतो. तेव्हा मीही लंडनलाच बसून घरची आठवण काढत होते.

त्याच काळातलं दुसरं. हॉक्सटन स्क्वेअरमध्ये ब्लू नोट नावाचा क्लब होता, तिथे सोमवारी 'अनोखा' असायचं. तलविन सिंग स्वतः तबला घेऊन बसायचा. तबल्याला माइक, तिथून आवाज यंत्रात, आणि बाजूला ड्रम अँड बेस. आपल्याकडची पोरं दोन तट पाडून उभी : एक तट अभिमानाने फुगलेला, दुसरा 'हे काय तबल्याचं लोणचं घातलंय' म्हणणारा. मी दोन्हींत होते, रात्रीच्या वेळेनुसार.

त्याचा 'ओके' (१९९८) यादीत हवा. ब्रिटनमधल्या वर्षातल्या उत्तम अल्बमचं, १९९९ चं मर्क्युरी पारितोषिक त्यालाच. 'ट्रॅव्हलर' हा पहिलाच ट्रॅक अकरा मिनिटांचा. अल्बमवर उस्ताद सुलतान खाँची सारंगी आहे, आणि ती फोडणीसारखी वरून टाकलेली नाही, तिच्याभोवती जागा सोडलीय. मधले दोन-तीन ट्रॅक विमानतळावरच्या संगीताइतके गुळगुळीत आहेत. तरी घ्या.

आणि नितिन सॉनीचा 'बियाँड स्किन' (१९९९). सुरुवात वाजपेयींच्या अणुचाचणीच्या घोषणेने, शेवट ओपेनहायमरच्या तोंडी गीतेतलं वचन. नाचायचा म्हणाल तर अर्धाच. पण पोखरणला जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं, इथल्या प्रत्येक पार्टीत त्यावरून वाद होत होते, आणि हा माणूस ते सरळ अल्बमच्या दारातच ठेवतो.

कावळा :

तलविन सिंगपेक्षा एशियन डब फाउंडेशनचा 'रफीज रिव्हेंज' (१९९८) दहापट दणकट. सारंगी नाही, राग आहे. दोन्ही अर्थाने घ्या हवं तर.

मिशिगनकर :

इतके प्रतिसाद झाले आणि डेट्रॉइटचं नाव नाही. शिकागोचं नाही. टेक्नो हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉन्डरसन या तीन कृष्णवर्णीय मित्रांनी डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलमध्ये शिकत असताना सुरू केलं, हाउस शिकागोच्या क्लबांतलं. ब्रिटिशांनी ते उचललं, सजवलं, सीडीवर घालून विकलं. मध्यलय, तुमची 'सलग अल्बम' ही अटच ब्रिटिशांच्या सोयीची आहे. इथले लोक स्वतःच्या छोट्या लेबलवर बारा इंची काढायचे, गाडीच्या डिकीतून दुकानात पोचवायचे. अल्बम करायला स्टुडिओत महिनोन्‌महिने बसवणारी कंपनी कुणामागे होती?

तरी तुमच्याच अटीत बसणारे दोन देतो. कार्ल क्रेग, 'मोअर साँग्ज अबाउट फूड अँड रेव्होल्यूशनरी आर्ट' (१९९७). त्यातलं 'अ‍ॅट लेस' ऐका, आणि मग टेक्नो यांत्रिक असतं असं म्हणून दाखवा. दुसरा ड्रेक्सियाचा 'नेपच्यून्स लेअर' (१९९९). जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड, चेहरा कधी दाखवला नाही. त्यांनी रचलेली कथा अशी : गुलामांच्या जहाजांवरून गरोदर आफ्रिकी स्त्रियांना अटलांटिकमध्ये फेकलं, त्यांच्या पोटातली मुलं पाण्यात श्वास घ्यायला शिकली आणि तळाशी त्यांचं राष्ट्र उभं राहिलं. गाणारं कुणी जवळजवळ नाही, भाषण नाही, फक्त ट्रॅकची नावं आणि ते बुडबुडणारे सिंथ. हा अल्बम बर्लिनच्या ट्रेझोर लेबलने काढला. डेट्रॉइटचं पोर, विकत घेणार जर्मनी. यातच सगळं आलं.

मध्यलय :

अटीबद्दलचा आक्षेप रास्त आहे. ती मी घरात बसून ऐकणाऱ्याच्या सोयीने घातली, आणि घरात बसून ऐकणारं गिऱ्हाईक तेव्हा युरोपातच जास्त होतं. अट बदलत नाही, पण रॉबर्ट हूडचा 'मिनिमल नेशन' (१९९४) अटीबाहेरून आत घेतो. त्यात एकही आवाज जास्तीचा नाही.

बाराखडी :

डाफ्ट पंकचा 'होमवर्क' (१९९७) याच मुद्द्यावर घ्या. 'टीचर्स' या ट्रॅकमध्ये ते नुसती नावं वाचतात : पॉल जॉन्सन, डीजे फंक, जेफ मिल्स... शिकागो-डेट्रॉइटची हजेरीच. निदान उधारी कबूल केली. अल्बम बराचसा त्या दोघांतल्या टॉमा बांगाल्तेरच्या पॅरिसमधल्या घरी, झोपायच्या खोलीत झाला. 'अराउंड द वर्ल्ड' सगळ्यांना पाठ, पण 'रोलिन अँड स्क्रॅचिन' शेजाऱ्यांशी भांडण असेल तेव्हाच लावावा.

रात्रपाळी :

माझी निवड नाचून झाल्यानंतरची. हिंजवडीत रात्रीच्या शिफ्टला असताना हेच अल्बम कामाला आले.

एफेक्स ट्विन, 'सिलेक्टेड अँबियंट वर्क्स ८५-९२' (१९९२). कॉर्नवॉलचा पोरगा, कॅसेटवर भरलेलं, त्यामुळे आवाज किंचित मळका. तोच त्याचा गोडवा. 'झ्टाल' लावून बघा. ग्लोबल कम्युनिकेशनचा '७६:१४' (१९९४), जितकी लांबी तेच अल्बमचं नाव, आणि ट्रॅकचीही नावं त्यांची लांबी. द ऑर्बचा 'यू.एफ.ऑर्ब' (१९९२), त्यातला 'ब्लू रूम' सिंगल म्हणून काढताना ३९ मिनिटं ५८ सेकंदांचा केला, कारण चाळीस मिनिटांवर गेला तर सिंगलच्या यादीत धरत नसत. वर 'टॉप ऑफ द पॉप्स' वर जाऊन बुद्धिबळ खेळत बसले.

आणि शेफील्डच्या वॉर्प लेबलचा 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' (१९९२). वेगवेगळ्या लोकांचे ट्रॅक, पण वेष्टनावरच उत्तर आहे : यंत्रमानव आरामखुर्चीत पहुडलाय, जमिनीवर क्राफ्टवर्क आणि पिंक फ्लॉइडच्या तबकड्या. हे घरी बसून ऐका, असं त्यांनी १९९२ मध्येच चित्र काढून सांगितलं.

तिरकीट :

अवांतर, दशकाबाहेरचं, पण मुंबईचं आहे म्हणून. चरणजित सिंग, 'टेन रागाज टू अ डिस्को बीट', १९८२. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत वाजवणारा माणूस. रोलंडचं टीबी-३०३ हे खर्जाचं यंत्र आणि टीआर-८०८ हे ड्रमचं यंत्र घेऊन त्याने भैरव, ललत वगैरे वाजवले. त्याच ३०३ च्या चिवचिवाटावर शिकागोत १९८७ मध्ये अ‍ॅसिड हाउस उभं राहिलं. त्यांनी चरणजित ऐकले असतील असं अजिबात नाही. तबकडी इथे पडूनच राहिली, २०१० मध्ये पुन्हा निघाली तेव्हा जगाला कळलं. ३०३ वर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे, म्हणजे मींड. रागवाल्याच्या हातात ते पडलं यात नवल नाही.

दादरचे आजोबा :

हे ऐकलं. ललत ओळखू येतो. द्रुतात जरा घाई होते पण माणूस तयारीचा आहे. 'हॅल्सियन' दोनदा ऐकलं. 'टाइमलेस' चे ड्रम अजून अंगावर येतात. प्रॉडिजी सुनेला आवडलं, मला नाही.

मध्यलय :

'प्ले' चं कुणी नाव घेतलं नाही म्हणून बरं वाटतंय. मोबीने १९९९ च्या त्या अल्बमचे झाडून सगळे ट्रॅक जाहिराती-सिनेमांना दिले. आज ऐकताना प्रत्येक ट्रॅकला कुठलीतरी मोटार आठवते.

नवखी :

मी यातलं काहीच ऐकलेलं नाही, जन्मच ९८ चा. अंडरवर्ल्डचं 'बॉर्न स्लिपी' तेवढं 'ट्रेनस्पॉटिंग' मुळे माहीत आहे. ते ज्या अल्बमवर आहे तो आधी ऐकू का? आणि अ‍ॅपवर एकेका अल्बमच्या तीन-तीन आवृत्त्या दिसतात, त्यातली कुठली घ्यायची?

मध्यलय :

'बॉर्न स्लिपी' चा तो अवतार मूळ कुठल्याच अल्बमवर नव्हता, आधी सिंगलच्या मागच्या बाजूला होता. 'ट्रेनस्पॉटिंग' च्याच वर्षीचा, १९९६ चा, 'सेकंड टफेस्ट इन द इन्फंट्स' ऐक. पहिला ट्रॅक सोळा मिनिटांचा आहे, घाबरू नकोस. जास्तीचे ट्रॅक जोडलेली आवृत्ती असेल तर 'स्टॅगर' संपला की थांब, मूळ अल्बम तिथे संपतो. 'लेफ्टिझम' च्या नव्या आवृत्तीतही मागे रीमिक्स लावलेत. लेम्न सिसेची कविता झाली की बंद.

कावळा :

आणि शफल बंद कर आधी.